मुलीला जनुकांवर संशोधन करायचंय, आणि घरात सिकलसेल आहे

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मन लावून वाचलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या तुमच्या गावात तुम्ही अंगणवाडी चालवता. धाकट्या मुलाचा रिपोर्ट 'एसएस' आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेला, आणि दुखणं उठलं की रात्री-अपरात्री त्याला घेऊन दवाखाना गाठावा लागतो. मोठी मुलगी नुकतीच दहावी झाली. ती म्हणते, "मी जनुकांवर संशोधन करणार आणि भावाला बरं करणार." घरची मंडळी म्हणतात, त्यापेक्षा नीट दे, डॉक्टर हो, संशोधनात पोट भरतं का? आणि पत्राच्या शेवटी, जरा दबकतच, तुम्ही विचारलंय की तीही 'एएस', म्हणजे एकाच बाजूनं दोष आलेली, निघाली तर शिक्षणात, लग्नात आडकाठी येईल का.

तिची इच्छा मोलाची आहे. पण तिच्या वाक्यातला दुसरा भाग, 'भावाला बरं करणार', तो तिच्या खांद्यावरून आत्ताच उतरवा. तिचा हुरूप मोडावा म्हणून मी हे सांगत नाही. तिला ज्या आजारावर काम करायचंय, त्याचा इतिहासच तसं सांगतो.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, 'ए'च्या जागी 'टी'. तेवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की हा दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, तेच त्याला सांभाळत असावं, असा त्यांनी अंदाज बांधला. पुढे दिसलं की काही माणसांत हे गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं, आणि हा गुण उंचीसारखाच घराण्यात चालत येतो. का? याचं मोठं उत्तर हाती यायला जवळजवळ साठ वर्षं गेली. २००७-०८ मध्ये लंडनला स्वी ले थीन यांच्या गटानं आणि सार्डिनिया बेटावरच्या अभ्यासकांनी अनेक लोकांची जनुकं पडताळली, आणि ज्याच्यावर कुणाचा संशय नव्हता असं एक जनुक पुढे आलं, बीसीएल११ए. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवण्याचं काम हेच जनुक करतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत ज्या क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमका बदल करण्याच्या, उपचाराला मान्यता मिळाली, तो याच माहितीवर उभा आहे: रुग्णाच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, त्यांच्यात बीसीएल११ए ढिलं करायचं आणि त्या परत सोडायच्या. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. आपल्याकडे दिल्लीची आयजीआयबी ही संस्था सिकलसेलसाठी देशातच क्रिस्पर उपचार तयार करण्यामागे लागली आहे.

म्हणजे बघा, एका डॉक्टरची नजर, आकडेवारीची माणसं, प्रयोगशाळेतली माणसं, आणि रक्त द्यायला तयार झालेले हजारो लोक. यातल्या एकट्यानं कुणीही हा आजार हटवला नाही. सोळा वर्षांच्या पोरीनं ते स्वतःच्या नावावर लिहून घेतलं, तर उद्या एखादा प्रयोग फसला की तिला वाटेल आपण भावालाच फसवलं. त्याला आज लागतं ते वेगळं आहे: डॉक्टरांनी दिली असेल तर न चुकता हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, भरपूर पाणी, ताप आला की वाट न बघता दवाखाना. ते तुमचं आणि डॉक्टरांचं काम. तिला मोकळं राहू द्या.

आता डॉक्टर की संशोधक. पगार आणि मान यांवरून हे ठरवू नका, तिला कुठला प्रश्न छळतो त्यावरून ठरवा. तुमच्याच भागात 'एसएस' रिपोर्टची दोन मुलं असतील, एक सारखं दवाखान्यात आणि दुसरं मैदानावर पळणारं. हे पाहून 'या आजारी मुलाला आत्ता काय देऊ?' असं तिच्या मनात येत असेल, तर तिचा पिंड डॉक्टरचा आहे. 'दोघांचा दोष एकच, मग फरक कशानं?' असं येत असेल, तर संशोधकाचा. आणि 'या आईबापांना हे नीट समजावतं कोण?' हा विचार आधी येत असेल, तर जनुकीय समुपदेशन हा तिसरा रस्ता आहे. त्यासाठी एम.एस्सी.च्या पातळीवरचे अभ्यासक्रम आहेत, आणि विदर्भात अशी माणसं फार हवी आहेत. डॉक्टर होऊनही या विषयात येता येतं: एमबीबीएस, मग बहुधा बालरोगात एमडी, मग मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम ही त्यापुढची पदवी. हा रस्ता लांबचा, पण रुग्ण आणि प्रश्न दोन्ही हातात राहतात.

संशोधकाचा दिवस कसा जातो हे तिला आधीच कळलेलं बरं. पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक हा त्यातला थोडासा भाग. गावोगाव जाऊन लोकांना समजावून, त्यांची संमती घेऊन रक्ताचे नमुने आणायचे, डीएनए काढायचा, आणि मग महिनोन्‌महिने संगणकासमोर बसायचं. उंचीचंच घ्या. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी निगडित १२,१११ जागा जनुकसंचात सापडल्या. ही प्रयोगशाळेइतकीच गणिताची कमाई आहे. पण त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. त्यामुळे युरोपीय लोकांच्या उंचीतला सुमारे ४० टक्के फरक त्यावरून सांगता येतो, इतरांचा १० ते २० टक्केच. आपल्या माणसांचं उत्तर आपल्याच माणसांत शोधावं लागतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात २५ अक्षरं गळालेली दाखवली. भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत ती गळालेली असतात, आणि उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका त्यांना जास्त असतो. हे युरोपातल्या नमुन्यांत कितीही शोधून हाती लागलं नसतं. तुमच्या मुलीसारख्या, त्या भागातल्या, ती बोली बोलणाऱ्या मुलींनी या क्षेत्रात यावं असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

म्हणून माझा सगळ्यात ठाम सल्ला: अकरावीला गणित सोडू नका. नीटला गणित लागत नाही म्हणून पुष्कळ मुलं ते टाकतात, आणि बारावीनंतर हळहळतात. बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही असलेला ग्रुप घ्या. नीटचा रस्ताही उघडा राहतो, आणि आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेचाही. तिथे जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, चारही विषयांना सारखे प्रश्न असतात. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. नेस्ट परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या अशाच विज्ञान संस्थांत जाता येतं. यातलं काही जमलं नाही तरी जवळच्या चांगल्या कॉलेजातून बी.एस्सी. करून, जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी.ला मोठ्या संस्थेत जाणारी मुलं खूप आहेत.

पैशांचं खरं सांगते. पीएच.डी. करताना नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, घरभाडं वेगळं. म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षापासून ती तुमच्यावर अवलंबून राहणार नाही. मात्र पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, त्यानंतर काही वर्षं पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या जागेवरचं संशोधन, आणि कायमची जागा तिशी ओलांडल्यावर. तोवर "सेटल कधी होणार?" हे नातेवाइकांचं पालुपद तुम्हाला झेलावं लागेल. त्याची तयारी ठेवा. वाटेत कुठेही थांबली तरी डायग्नोस्टिक लॅब, औषध कंपन्या आणि बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे संगणकावर जनुकांची माहिती तपासण्याच्या कामात, तिचं शिक्षण चालतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. 'एएस' म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे, आणि यातल्या कुठल्याही शिक्षणाला त्यामुळे अडचण येत नाही. लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करून घ्यायची, एवढंच. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते.

आणि एक गणित तिच्यापुढे ठेवा. तुम्ही दोघं नवरा-बायको 'एएस' आहात, ती स्वतः 'एसएस' नाही हे नक्की आहे, मग ती वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण निम्मी म्हणतात. कागदावर चार चौकोन काढून, आईबापाकडून येणाऱ्या 'ए'-'एस'च्या चार जोड्या त्यात लिहून, त्यातली 'एसएस'ची एक खोडून तिला मोजू द्या. उत्तर दोन तृतीयांश येईल. ते का येतं हे तिनं तुम्हाला समजावून सांगितलं, आणि सांगताना ती रमली, तर मी लिहिलंय त्यापेक्षा जास्त तुम्हाला तिथेच कळेल.

तपासणी सरकारी दवाखान्यात होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ पासून सुरू आहे, आणि चंद्रपुरात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्रही आहे. तिला विचारून, तिला हवी तेव्हा तपासणी करा, आणि रिपोर्ट आला की नातेवाइकांच्या आधी तिच्या हातात द्या.