अरुंधती घराबाहेर पडली, मालिका मात्र पडलीच नाही

तुम्ही विचारलंय की 'आई कुठे काय करते' ही मालिका सुरुवातीला इतकी आवडायची, मग शेवटची दोन-तीन वर्षं बघवेना असं का झालं, आणि आता पहिल्यापासून परत बघण्यात अर्थ आहे का. बिघडली हे खरंय, फक्त तुम्हालाच तसं वाटलं असं अजिबात नाही. मी आणि माझ्या सासूबाई पहिल्या आठवड्यापासून बघत होतो, साडेसातला घरात दुसरं काही लागायचंच नाही, म्हणून हे सगळं जरा पोटतिडकीने लिहितेय.

आधी चांगलं काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय राग कशाचा ते कळणार नाही. २३ डिसेंबर २०१९ ला स्टार प्रवाहवर सुरू झाली तेव्हा त्यात कारस्थानं नव्हती, विष घालणारी सासू नव्हती, काही नव्हतं. अरुंधती नावाची एक बाई दिवसभर राबतेय, कोणाला काय लागतं ते सगळं तिला पाठ आहे, आणि पोरांना ती चारचौघांत बरोबर नकोय. तिचा नवरा, मिलिंद गवळींचा अनिरुद्ध, मारझोड करणारा नवरा नव्हता, बायकोकडे लक्षच न देणारा नवरा होता आणि म्हणूनच तो जास्त लागला, कारण असा माणूस प्रत्येकाने आपल्या नात्यात कुठे ना कुठे पाहिलेला असतो. सासू कांचन आई मुलाची बाजू घ्यायच्या, सासरे आप्पा सुनेची घ्यायचे, दोघंही खरे वाटायचे. आणि अरुंधती झालेली मधुराणी प्रभुलकर काहीही न बोलता नुसती ओट्याशी उभी राहिली तरी कळायचं की आज हिचं काहीतरी बिनसलंय. अनिरुद्धचं संजनाबरोबरचं प्रकरण बाहेर आल्यावर, पंचवीस वर्षांच्या संसारानंतर तिने घटस्फोट घेतला, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता. सासूबाईंचं म्हणणं एवढ्या वर्षांनी कशाला, मी म्हणत होते एवढी वर्षं थांबली हेच खूप झालं. मालिकेमुळे सासू-सुना असं मोकळं बोलल्या हे मी विसरणार नाही.

मग बिघडलं कुठे, तर तिने उंबरा ओलांडला तिथेच. मूळ गोष्ट 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची, हिंदीतली 'अनुपमा' पण त्यावरूनच केलेली. बंगाली मालिका डिसेंबर २०२१ मध्ये संपली, आपली चालली ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे मूळ गोष्ट संपल्यावरही जवळजवळ तीन वर्षं. आता लांबली म्हणून वाईट झाली असं मी म्हणणार नाही, कारण घटस्फोट घेतलेल्या मध्यमवयीन बाईच्या आयुष्यात तीन वर्षं पुरेल एवढं नक्की असतं. घरभाडं असतं, स्वतःची कमाई, इतक्या वर्षांनी परत गाणं, एकटीने जेवायला बसणं, नातेवाइकांच्या लग्नाला जायचं की नाही हा प्रश्न. पण सेट होता अनिरुद्धच्या घराचा, समृद्धी बंगल्याचा, आणि निम्म्याहून जास्त पात्रं त्याच बंगल्यात राहणारी, मग काय करायचं, तर कोणीतरी आजारी पडणार, कोणाचं तरी मोडणार, कोणी घर सोडून जाणार, आणि प्रत्येक वेळी आईला बोलवा. घटस्फोट झालेली बाई त्याच हॉलमध्ये उभी राहून पहिल्या नवऱ्याच्या घरातली भांडणं सोडवतेय आणि वर तिलाच ऐकावं लागतंय. ज्या गोष्टीबद्दल मालिका तक्रार करत होती तीच गोष्ट लेखकांनी तिच्याकडून करून घेतली. तिला काय हवंय हे कोणी विचारेनासं झालं, आधी घरातले विचारत नव्हते आणि नंतर मालिकाही नाही.

दुसरं म्हणजे कोणाला काही आठवतच नाही. आठवड्याचे सहा-सात एपिसोड काढायचे, गुरुवारी टीआरपी, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचा आकडा, येणार, आकडा पडला की नवीन ट्रॅक आणि धक्कादायक प्रोमो, हे मी समजू शकते, तिथे काम करणाऱ्यांची तारांबळ होत असणार. पण अनिरुद्ध काहीतरी भयंकर करतो, आप्पा बोलतात, तो रडून माफी मागतो आणि चार दिवसांनी त्याच सोफ्यावर बसून परत तेच सुरू, मग आपण तरी कशाला मनाला लावून घ्यायचं?

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अभि आणि अनघाच्या ट्रॅकचं, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अभि म्हणजे अरुंधतीचा मुलगा, अनघा त्याची बायको. ज्या मुलाने बापामुळे आईची झालेली हालत डोळ्यांनी बघितली, तोच मुलगा पुढे बायकोला फसवतो. यात केवढं होतं! अरुंधती इथे आई पण आहे आणि अनघाच्या जागी आधी उभी राहिलेली बाई पण आहे, मुलाची बाजू घेतली तर ती कांचन आई होणार, सुनेची घेतली तर मुलगा तुटणार. अश्विनी महांगडेने अनघा इतकी छान केली होती की नुसत्या या दोघींवर सहा महिने काढता आले असते. तो विषय थोडा वापरून सोडून दिला, नंतर परत उकरला, परत सोडला. आता असे चान्स डेली सोपमध्ये किती वेळा मिळतात.

अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष, त्याचं पण तसंच. मोठी मुलं असलेल्या आईचं दुसरं लग्न, तेही थाटात, २०२३ मध्ये दाखवलं तेव्हा मला खरंच अभिमान वाटला होता, आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी तर ते सगळे भाग परत परत बघितले. आणि पुढच्याच वर्षी त्याला अपघातात मारून टाकलं. नवीन संसार म्हणून त्यांना नीट दाखवलंच नव्हतं, अर्धा वेळ समृद्धीचीच लफडी. त्याच सुमारास, मार्च २०२४ मध्ये, मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि आमच्या सासूबाईंनीसुद्धा बघणं सोडलं.

कलाकारांना मी दोष देणार नाही, शेवटपर्यंत जीव ओतून काम करत होते. संपवायचं कधी हे ठरवायला हवं होतं, आणि मराठीत हे झालेलं आहे, 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपलीसुद्धा, लोकांना अजून हवी असताना.

परत बघायची असेल तर सुरुवातीपासून घटस्फोटापर्यंत सलग बघा, नंतर ती वेगळी राहायला लागते ते सुरुवातीचे भाग बघा, आणि आशुतोषबरोबरचं लग्न झालं की थांबा. अभि-अनघाचं बघायचं असेल तर मात्र मधले बरेच एपिसोड पुढे ढकलावे लागतील, सलग बसून बघण्यासारखं त्यात नाहीये.