गुणसूत्रांवर काम करायचंय म्हणते, त्यात पोट भरेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की लेक बारावी सायन्सला आहे. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड केल्यापासून ‘मला डॉक्टर नाही व्हायचं, गुणसूत्रांवर काम करायचंय’ हेच धरून बसली आहे. असं काम खरंच असतं का आणि त्यावर घर चालतं का, हा तुमचा प्रश्न.

काम असतं. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले आनुवंशिक माहितीचे धागे; ते तपासण्याच्या कामाला सायटोजेनेटिक्स म्हणतात आणि ते मोठ्या रुग्णालयांत, कॅन्सर केंद्रांत, खासगी लॅबमध्ये रोज चालतं.

तिथे नेमकं काय करतात ते तिलाही वाचून दाखवा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पोषक द्रवात साधारण 72 तास वाढवतात. त्या विभागू लागल्या की कोल्चिसिनसारखं द्रव्य घालतात. त्यामुळे गुणसूत्रांना ओढून नेणारे तर्कुतंतू बनत नाहीत आणि पेशी विभाजनाच्या मध्यावस्थेतच अडकते. गुणसूत्रं नीट ओळखू येतात ती याच टप्प्यावर. मग पेशी फुगवून काचेवर थेंब सोडायचा, रंग द्यायचा. गडद-फिकट पट्टे उठतात. ते बघून 46 गुणसूत्रांच्या 23 जोड्या लावायच्या, आणि हे एकाच नमुन्यातल्या अनेक पेशींसाठी करायचं. 21व्या जोडीत तिसरं गुणसूत्र सापडलं तर तो डाऊन सिंड्रोम. बहुतेक वेळा आईच्या बीजांडाच्या अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रं निम्मी होतात त्या विभाजनात, ती जोडी वेगळी झालेली नसते. यात आईची काहीही चूक नसते, आणि हे तिला समजावून सांगणं हेसुद्धा एक करिअर आहे: जेनेटिक कौन्सेलिंग. तुमच्या लेकीला माणसांशी बोलायला आवडत असेल तर याचाही जरूर विचार करा.

शिकागोच्या संशोधक जॅनेट राउली घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवत बसायच्या. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात, हे त्यांनी 1973 मध्ये दाखवून दिलं. त्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब हे औषध 2001 मध्ये बाजारात आलं. आज ते आपल्याकडेही दिलं जातं.

आता पैशाचं. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही. जेनेटिक्स किंवा लाइफ सायन्समध्ये एम.एस्सी. आणि त्यावर एखाद्या लॅबमधलं प्रशिक्षण धरूनच चाला. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि तो तुमच्या इंजिनीअर भाच्याच्या पगाराशी लावून बघू नका. हात आणि नजर बसली की माणसाला मागणी राहते. संशोधनाकडे वळायचं असेल तर पीएच.डी. लागेल. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, ही ठिकाणं आपल्या राज्यातच आहेत.

पण मायक्रोस्कोपपुढे तासन्‌तास बसण्याचं हे काम आहे. स्लाइडची पहिली गंमत सगळ्यांनाच वाटते. तेच दिवसभर करायला तिला आवडेल का, हे तिने आताच तपासावं. परीक्षा झाल्यावर सुट्टीत एखाद्या लॅबची परवानगी काढून चार दिवस नुसतं बघू द्या.

तिने गणित ठेवलंय की सोडलंय, ते पत्रात नाही. बारावीनंतर आयसरमध्ये शिकायला जायचं तर तिथल्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात. सोडलं असेल तर तयारी वेगळी करावी लागेल, म्हणून तेवढं मला लगेच कळवा.