लोकलला नाव हवे, पण लावायचे कशाला?

प्रश्न : भोर घाटात वर्षानुवर्षे रूळ सांभाळलेल्या एका गँगमनचे नाव सकाळच्या कर्जत-मुंबई लोकलला द्यावे, असे आमच्या प्रवासी संघाला वाटते. डब्यावर नाव रंगवून घेतले तर चालेल का?

उत्तर : रंगवून घेऊ नका. फेरी वेगळी आणि रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांचा संच, वेगळा. सकाळी तुम्हाला मुंबईला सोडणारा रेक ठरवून दिलेल्या फेऱ्यांच्या साखळीप्रमाणे (लिंकप्रमाणे) दिवसभर भलत्याच मार्गांवर फिरतो, उद्या त्या वेळेला दुसराच येतो. शिवाय बारा डब्यांचा रेक छोट्या युनिटांचा बनलेला असतो. एखादे युनिट माटुंगा वर्कशॉपला मोठ्या दुरुस्तीला गेले की तिथे दुसरे जोडतात. परत आलेले युनिट कुठल्या रेकमध्ये जाईल याचा नेम नाही, आणि तोवर नवा रंगही चढलेला असतो.

नाव मागायचे ते फेरीला. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली. तेव्हापासून डबे कितीदा तरी बदलले, नाव टिकले, कारण ते वेळापत्रकातल्या गाडीचे आहे. सिंहगड, इंद्रायणी, पंचवटी यांचेही तसेच. लोकललाही 9 ने सुरू होणारा पाच अंकी क्रमांक असतो, पण नव्या वेळापत्रकात तो बदलू शकतो. म्हणून अर्जात क्रमांकासोबत सुटण्याचे स्थानक आणि वेळही लिहा. त्या गँगमनच्या सेवेचा तपशील आणि कुटुंबाची लेखी संमती जोडा. अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना, प्रत खासदारांना. शेवटचा शब्द रेल्वे बोर्डाचा.

इंडिकेटरवर नाव झळकेल ही आशा मात्र सोडा. तिथे कर्जतचा 'एस' नि कसाऱ्याचा 'एन' एका अक्षरात उरकतो! कर्जत स्थानकात फलक मागितलात तर तो रोज वाचला तरी जाईल.

प्रश्न : रेल्वेतल्या माणसांची नावे आजवर कशाकशाला दिली गेली?

उत्तर : दिली गेली ती बहुतेक मोठ्या हुद्द्यांची. करी रोड हे नाव बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे एजंट, म्हणजे तेव्हाचे प्रमुख अधिकारी, चार्ल्स करी यांच्यावरून आले. घाटातल्या जुन्या विद्युत इंजिनावरचे 'सर लेस्ली विल्सन' तर मुंबईचे गव्हर्नर, रेल्वेचे नव्हेतच. चित्तरंजनच्या इंजिन कारखान्यात 1961 मध्ये तयार झालेले पहिले विद्युत इंजिन 'लोकमान्य' झाले. गँगमनचा विचार त्यात कुणी केलेला दिसत नाही, म्हणून तुमची मागणी रास्तच.

स्थानकाच्या नावाची वाट मात्र वेगळी. तिथे प्रस्ताव राज्य सरकारकडून जातो आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची ना हरकत लागते.