चालू बिल शून्य, मागची थकबाकी दीड लाख: वायरमन डीपी (रोहित्र) बंद करू शकतो का?

भीमाकाठच्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "वकीलसाहेब, विहिरीवर वडिलांच्या नावानं पाच एचपीचं कनेक्शन आहे. वडील २०१९ ला गेले, नाव अजून बदललेलं नाही. एप्रिल २०२४ पासून चालू बिल शून्य येतं, पण त्याच कागदावर मागची थकबाकी १ लाख ४२ हजार दाखवतात. सभेत तर ऐकलं होतं, मागचं-पुढचं काहीच भरायचं नाही. नदीवर आम्हा चौघा भावांची सामाईक दहा एचपीची मोटर आहे, तिचं बिल काही माफ होत नाही. आता वायरमन म्हणतो, डीपीवरच्या प्रत्येकानं पाच-पाच हजार भरा, नाहीतर डीपी बंद. ऊस वाळायला लागलाय. शेजारी म्हणतात, नदीवरच्या मोटरीला साडेसातची प्लेट मारून घ्या. काय करू?"

मोटरीवर अश्वशक्ती लिहिलेली असते त्या प्लेटपासून सुरू करतो, कारण ते काम तुम्ही याच आठवड्यात उरकून बसाल अशी भीती वाटते. ते करू नका. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना आहे. कनेक्शनचा मंजूर भार किती, एवढंच त्यात बघतात. चौघांत दहा म्हणजे प्रत्येकी अडीच, हा हिशेब घरात बरोबर आहे, वीज कंपनीच्या दप्तरात नाही. खोटी प्लेट दाखवून भार साडेसातवर आणला आणि पाणी दहाच्याच मोटरीनं उचललं, तर ते विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली 'अनधिकृत वापर' ठरतं. आकारणी दुप्पट दरानं होते, आणि कधीपासून ते कळलं नाही तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. त्यावर अपील करायचं तर तीस दिवसांत, तेही निम्मी रक्कम आधी भरून. खरोखरच साडेसातची मोटर बसवणार असाल तर भार कमी करण्याचा रीतसर अर्ज द्या, त्यात काही गैर नाही. पण लांबच्या पाइपलाइनला तेवढ्या मोटरीचा हेड, म्हणजे पाणी चढवण्याचा जोर, पुरेल का, हे मोटर बांधणाऱ्याला आधी विचारा. फुकट वीज आणि कोरडा फड, असं व्हायला नको.

आता सभेतल्या आश्वासनाचं. भाषण कोर्टात चालत नाही, शासन निर्णय चालतो. तो २५ जुलै २०२४ चा आहे. त्यात एप्रिल २०२४ पासून पुढे मार्च २०२९ पर्यंतचं बिल माफ केलंय. राज्यातले सुमारे ४४ लाख शेतीपंप त्यात बसतात आणि वर्षाचा बोजा १४,७६० कोटी रुपये धरलाय. त्याआधीची थकबाकी माफ, असं त्यात म्हटलेलं नाही. थकबाकीसाठी वेगळं धोरण आलं होतं, २०२० चं. त्यात व्याज-दंडात सूट देऊन उरलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी निम्मी सवलत होती. ती गाडी तुमची चुकली. तेव्हा १ लाख ४२ हजार आजही कागदावर जिवंत आहेत.

वडिलांच्या नावावर आहेत म्हणून ते तुमचे नाहीत, असंही म्हणता येणार नाही. जागा तिऱ्हाइताने विकत घेतली तर जुन्या थकबाकीतली जास्तीत जास्त सहा महिन्यांची रक्कम त्याच्यावर येते, असा राज्य वीज नियामक आयोगाचा नियम आहे. पण त्याच नियमात वारसांना ही सवलत नाही. म्हणून नाव बदलण्याच्या अर्जात 'थकबाकी मान्य आहे' अशी ओळ आयती छापलेली असेल, तर सहीशेजारी 'रकमेबाबत हरकत राखून' एवढे शब्द हातानं लिहा.

हरकत कशाची? सगळं खरं काम इथंच आहे. सेक्शन ऑफिसात जाऊन दोन्ही कनेक्शनांचं सीपीएल मागा, म्हणजे ग्राहकाचं खातं, पहिल्यापासूनचं. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. घरी आणून वडिलांच्या जुन्या बिलांशी एकेक तिमाही ताडून बघा. मी पाहिलेल्या खात्यांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात. एक, मीटर वर्षानुवर्षं 'फॉल्टी', रीडिंगचा आकडा हललेलाच नाही, आणि तरी दर तिमाहीला सरासरीचे युनिट लावलेले. दोन, मूळ मंजुरी तीन एचपीची आणि मधल्याच एका तिमाहीपासून खात्यात पाच. ना अर्ज, ना पंचनामा. तुमच्याकडे यातलं काही निघालं तर थकबाकीचा आकडाच वादात येतो. ज्या उन्हाळ्यात विहीर आटली होती, त्या तिमाहीचे युनिट मुद्दाम बघा. तलाठ्याकडची पीकपाहणी इथं कामाला येते.

डीपीचा प्रश्न मात्र सरळ आहे. विद्युत अधिनियमाच्या कलम ५६(१) प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर त्या थकबाकीदाराला लेखी नोटीस आणि पूर्ण पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. तोंडी निरोप म्हणजे नोटीस नव्हे. आणि कायदा 'त्या व्यक्तीची' वीज तोडायला सांगतो, अख्ख्या रोहित्राची नाही. डीपीवर एखादा जरी असा असेल की ज्याच्याकडे पैही बाकी नाही, तर सगळ्यांचा फ्यूज काढणं बेकायदेशीर आहे. असा शेतकरी शोधा आणि तक्रारीवर पहिली सही त्याची घ्या. पाच हजार प्रत्येकी, हा आकडा कुठल्या हिशेबातून आला, हेही लेखी विचारा. वायरमनच्या हातात रोख देऊ नका. काही भरायचंच ठरलं तर पावती घेऊनच भरा.

नोटीस रीतसर आलीच तर त्याच कलमात एक वाट आहे. मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीनं निघणारी रक्कम, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मागच्या सहा महिन्यांचं तुमचं बिल शून्य आहे, म्हणजे सरासरीही शून्यच, असा युक्तिवाद मला मनापासून आवडेल, पण केवळ त्याच्या भरवशावर ऊस सोडू नका. काहीतरी वाजवी रक्कम भरलेली बरी.

दोन वर्षांच्या मुदतीबद्दल गावात बरंच बोललं जातं. कलम ५६(२) सांगतं, रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, पण ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवत आले असतील तर हा बचाव चालत नाही. तुमच्या बिलांवर ती सलग दिसत असेल, तर हा मार्ग बंद. मध्येच गायब होऊन पुन्हा उगवली असेल तर मुद्दा मजबूत आहे. तरी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मुदतीनंतर वीज तोडण्याचा अधिकार जातो, वसुलीचे बाकीचे कायदेशीर मार्ग जात नाहीत.

शून्य बिलाचे कागद जपून ठेवा. कलम ६५ नुसार सवलतीचे पैसे सरकारनं कंपनीला आगाऊ द्यायचे असतात. ते थांबले तर आयोगाच्या आदेशानंतर मूळ दर लागू होऊ शकतो. तसा आदेश नसताना कुणी माफ झालेल्या तिमाहींचे पैसे मागितले, तर हे कागदच तुमचं उत्तर आहेत.

तक्रार कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे करा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती द्यावी लागते, वकील लागत नाही, आणि वीज तोडू नये असा अंतरिम आदेश त्याच अर्जात मागता येतो. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. दोन्ही कनेक्शनांचे अर्ज वेगवेगळे करा. नदीवरच्या मोटरीच्या अर्जावर चौघा भावांच्या सह्या लागतील, एक भाऊ पुण्याला असतो असं तुम्ही लिहिलंय, त्याच्याकडून आधी संमतीपत्र मागवून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा.