बुधवारची गोळी, शुक्रवारची गोळी

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची, इचलकरंजीत प्राथमिक शाळेत शिकवते. थायरॉइड जुनंच आहे. सात वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात. गेल्या दिवाळीपासून कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिसच्या खपल्या. संधिवाताचे डॉक्टर कोल्हापूरला, थायरॉइडचं घरचे डॉक्टर बघतात आणि त्वचेचे डॉक्टर आता सांगलीला. दर बुधवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० आणि प्रेडनिसोलोन ५. सकाळी उठल्यावर थायरॉक्सिन, चहा झाला की कॅल्शियम आणि लोहाची गोळी. त्वचेच्या डॉक्टरांनी 'दर शुक्रवारी एक' म्हणून नवी गोळी दिलीय. अजून सुरू केलेली नाही, पाकिटाचा फोटो पाठवते. एवढं सगळं एकत्र चालतं का? यातलं काय बंद करता येईल? सासूबाई म्हणतात, सगळं सोड आणि गुळवेलीचा काढा घे, प्रतिकारशक्ती वाढेल.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला निरोप पाठवला, कारण अंक निघेपर्यंत दोन-तीन शुक्रवार उलटले असते. इथे लिहितेय ते तुमच्यासारख्या इतरांसाठी.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला कंपनीनं ठेवलेलं नाव आहे. ते वाचून ही गोळी निराळी वाटते. मागे चंदेरी कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय : मेथोट्रेक्सेट ७.५. म्हणजे तुमचीच बुधवारची गोळी, दुसऱ्या नावानं शुक्रवारीही येणार होती. मी विचारलं, सांगलीच्या डॉक्टरांना संधिवाताची फाइल दाखवली होती का? तुमचं उत्तर आलं, "त्वचा दाखवायला चालले होते, ती फाइल कशाला न्यायची?" रुग्णालयात औषधांच्या खिडकीत मी ३१ वर्षं काढली. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही.

पंधरा आणि साडेसात मिळून साडेबावीस. आकडा अचाट नाही, संधिवातात आठवड्याला पंचवीसपर्यंतही जातात. पण ते पायरीपायरीनं, दर पायरीला रक्त आणि लिव्हर तपासत. इथे डोस वाढला असता आणि तो वाढलाय हे ना कोल्हापूरला कळलं असतं ना सांगलीला. तोंड आलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, उष्णता झाली. मेथोट्रेक्सेटवर तोंड आलं, ताप आला, उगाच अंगावर काळेनिळे डाग उठले, की पुढची गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

मी तोऱ्यात सांगत नाही. मलाही संधिवात आहे, १९ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी, घरात लग्नाची गडबड होती तेव्हा, फॉलिक अ‍ॅसिड समजून मी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट सलग तीन दिवस घेतली. माझ्याकडच्या दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक. औषधं देण्यातच हयात गेलेली बाई! पाचव्या दिवशी वरणभातही गिळवेना. तेव्हापासून ती गोळी बाकीच्यांत ठेवत नाही. जुन्या बांगड्यांच्या डब्यात असते, डबा कपाटात आणि कालनिर्णयवर बुधवारांभोवती लाल गोल. बुधवारच का, तर सोमवारी आणि गुरुवारी माझा उपास असतो आणि उपाशीपोटी ती गोळी मला मळमळवते.

आता यातली चांगली बाजू. मेथोट्रेक्सेट सांध्यांवर चालते तशीच सोरायसिसवरही चालते. म्हणून "एकत्र चालतं का" यापेक्षा "एकात दोन्ही भागतं का" हे विचारा. त्वचेच्या डॉक्टरांना कळलं की तुम्ही आधीच १५ घेता, तर ते आणि कोल्हापूरचे मिळून ठरवतील : हाच डोस वाढवायचा, इंजेक्शनवर जायचं, की दोन्ही आजारांना लागू पडणारं दुसरं औषध बघायचं. चिठ्ठी मात्र एकाच हातानं लिहिलेली हवी. सांध्यांचे दुखणे मोठे, म्हणून तो हात कोल्हापूरचा असावा, असं माझं मत.

तिथे आणखी दोन गोष्टी विचारा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विननं काहींचा सोरायसिस भडकतो. खपल्या आणि ही गोळी यांचा संबंध आहे का, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि ही गोळी पाच वर्षांहून जास्त चालू असेल, तर डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासायला हवा. दुसरं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. बंद करण्याच्या यादीत तुमचं बोट पहिलं त्याच्यावर जाणार, मला ठाऊक आहे. ते स्वतःच्या मनानं एका दिवसात सोडू नका. शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे माणूस गळून जातो, चक्कर येऊन पडतो. आणि सोरायसिस तर स्टेरॉइड काढलं की उसळतो. हळूहळू कमी करायचं, तेही त्यांच्या सांगण्यावरून.

बंद करायची नाही पण हलवायची आहे ती चहानंतरची जोडगोळी. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिन उठल्या उठल्या नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासानं, लोह दुपारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. पण मग थायरॉक्सिन आजवरपेक्षा जास्त अंगी लागेल. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं रक्त, तपासा, नाहीतर छातीत धडधड सुरू होईल आणि तुम्ही चौथे डॉक्टर गाठाल.

मेडिकलमधून परस्पर काही घेऊ नका. लघवीच्या जळजळीवर कोट्रायमोक्साझोल नावाची गोळी सर्रास मिळते. मेथोट्रेक्सेटसोबत ती रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. दुखण्याची गोळीही विचारूनच घ्या, उलट्या-जुलाब चालू असताना तर नकोच.

आणि सासूबाई. त्यांची माया खरी आहे, पण तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती घरच्याच माणसांवर, म्हणजे तुमच्याच सांध्यांवर आणि त्वचेवर, हात उगारतेय. तिला आणखी जोर द्यायचा नाहीये. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. तुमच्या लिव्हरवर मेथोट्रेक्सेटचा भार आधीच आहे, त्यात काढा मला नको वाटतो. सासूबाईंना सांगा, "सांगलीला जाताना फाइलची पिशवी तुम्हीच आठवणीनं माझ्या हातात द्या."