कपाशीवर फवारणी केल्याने पुरुषाला मूल होण्यात अडचण येते का?

हो, येऊ शकते. वर्षानुवर्षे उघड्या अंगाने औषध फवारणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी झालेली बऱ्याच अभ्यासांत आढळली आहे. सर्वात ठळक पुरावा डीबीसीपी या कीटकनाशकाचा: 1977 मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांत शुक्राणू फार कमी, काहींत तर शून्य निघाले. ते औषध आपल्या कपाशीवरचं नव्हे. पण मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधंही निर्धोक नाहीत, 2017 मध्ये यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी दगावले ते आठवा. औषध फक्त नाकातोंडातूनच जातं असं लोक धरून चालतात. खरं तर पाठीवरचा पंप गळतो, पाणी पाठीवरून चड्डीत उतरतं आणि तिथली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त औषध शोषते. म्हणून नुसता तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही. आधी गळणाऱ्या पंपाचा वायसर बदला, ओले कपडे लगेच उतरवा, साबणाने आंघोळ करा आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

मात्र मूल होत नाही म्हणजे फवारणीच कारण, असं ठरवू नका. खर्रा, बिडी, दारू, अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा हीही कारणं असतात. दोघांचीही तपासणी करा; एकट्या बाईला दवाखान्यांत फिरवण्यात अर्थ नाही. वीर्यतपासणी साधी, स्वस्त असते. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे फवारणी थांबवून तीनेक महिन्यांनी वीर्यतपासणी पुन्हा करा.