टाकीखालच्या कपाटाला कॉम्प्युटरचा पंखा

प्रश्न : माशांच्या टाकीखाली प्लायचं कपाट आहे. आत फिल्टर, एअर पंप, लाइटचा अडॅप्टर. दार उघडलं की गरम वाफ अंगावर येते, प्लायही फुगतंय. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवता येईल का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : येईल, आणि बसवाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. बंद कपाटात अडॅप्टरचे हालच होतात. माझ्या टाकीखाली १२० मिलिमीटरचा पंखा आहे. हा पंखा १२ व्होल्ट डीसीचा, घरच्या लाइनीला थेट लावायचा नाही. जुन्या राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. तिसरी पिवळी असेल तर ती वेग मोजायची. टोकाला टेप गुंडाळून सोडून द्या. अडॅप्टरच्या वायरी मात्र मल्टीमीटरनेच तपासा, रंगावर विसंबू नका.

पंखा मागच्या फळीत वर, हवा बाहेर फेकेल असा. खाली समोर तेवढंच भोक पाडा, नाहीतर नवी हवा येणार कुठून?

आणि हे कळकळीनं सांगतो : प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या. ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकतं, प्लगात शिरत नाही. मी एका पावसाळ्यात हे केलं नव्हतं. बोर्ड जळाला, रात्रभर पंप बंद राहिला आणि सकाळी चार मासे गेलेले होते.

टाकीतलं पाणी यानं थंड होणार नाही. त्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा दुसरा पंखा लागेल, आणि उडालेलं पाणी रोज भरावं लागेल.